बारावीला गणितात कमी पडलेत? मग आधी ही बेरीज करा

बारावीचा निकाल लागतो, गणितासमोर ३७ किंवा ४१ दिसतात आणि घरात कोणीतरी म्हणतं, "गेलं इंजिनीअरिंग." बऱ्याचदा हे घाईनं काढलेलं अनुमान असतं. पण कधी कधी एकूण टक्केवारी साठच्या वर असते, सगळे निर्धास्त असतात आणि अर्जाची छाननी सुरू झाल्यावर कळतं की मुलगा किंवा मुलगी पात्रच नाही. दोन्ही ठिकाणी गोंधळ एकाच गोष्टीचा असतो. बारावीच्या गणिताचे गुण प्रवेशात नेमके कुठे मोजले जातात, हे माहीत नसतं.

महाराष्ट्रात प्रथम वर्ष इंजिनीअरिंगचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षामार्फत होतात. त्यात दोन स्वतंत्र टप्पे आहेत. पहिला पात्रतेचा: तुम्ही किमान अट पूर्ण करता की नाही, एवढंच तिथे बघतात. उत्तर हो किंवा नाही. दुसरा गुणवत्ता यादीचा: पात्र ठरलेल्यांमध्ये कोणाला कोणतं कॉलेज आणि कोणती शाखा मिळणार. बोर्डाचे गुण पहिल्या टप्प्यात लागतात. दुसऱ्या टप्प्यात एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतला पर्सेंटाइल (परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत तो आकडा) चालतो, आणि अखिल भारतीय कोट्यातल्या जागांसाठी जेईई मेनचा.

म्हणजे बारावीला पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) जेमतेम ४६ टक्के आणि सीईटीत ९८ पर्सेंटाइल असलेला विद्यार्थी, बारावीला ९० टक्के आणि सीईटीत ८० पर्सेंटाइल असलेल्याच्या कितीतरी पुढे असतो. बोर्डाचे कमी गुण तिथे त्याला मागे खेचत नाहीत. मात्र खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला पीसीएममध्ये ४४ टक्के असतील तर सीईटीचा ९९ पर्सेंटाइलही उपयोगाचा नाही. तो यादीपर्यंत पोहोचतच नाही.

पात्रतेची बेरीज

अट अशी आहे: बारावी उत्तीर्ण, भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय अनिवार्य, सोबत यादीतला एक तिसरा विषय, आणि या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के. महाराष्ट्रातले मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना किमान ४० टक्के. शिवाय सीईटीत शून्याहून जास्त गुण.

यातला "मिळून" हा शब्द महत्त्वाचा. एकट्या गणितात ४५ हवेत असं नियम म्हणत नाही. गणितात उत्तीर्ण व्हायला ३५ पुरतात, बाकीची भर इतर दोन विषयांनी घातली तरी चालते. तीन विषयांचे ३०० गुण धरले तर खुल्या प्रवर्गाला १३५ आणि सवलतीच्या प्रवर्गांना १२० लागतात. भौतिकशास्त्रात ५२, रसायनशास्त्रात ५५ आणि गणितात ३६ असतील तर बेरीज १४३ होते, म्हणजे ४७.६७ टक्के. हा विद्यार्थी पात्र आहे. त्याच्या घरी रडारड करायचं काही कारण नाही.

आता दुसरी गुणपत्रिका बघू. इंग्रजी ७८, मराठी ८०, भूगोल ८४, भौतिकशास्त्र ४६, रसायनशास्त्र ४९, गणित ३७. एकूण ६०० पैकी ३७४, म्हणजे ६२ टक्क्यांच्या वर. प्रथम श्रेणी. पण ४६, ४९ आणि ३७ यांची बेरीज १३२ येते, म्हणजे बरोबर ४४ टक्के. खुल्या प्रवर्गात हा विद्यार्थी तीन गुणांनी बाहेर. भाषा आणि भूगोलाचे भरघोस गुण इथे मोजलेच जात नाहीत. "एकूण टक्केवारी चांगली आहे, काही अडणार नाही" या भरवशावर राहिलेल्यांची फसगत इथेच होते. ४४.६७ ला कोणी ४५ करून देत नाही, हेही लक्षात ठेवा.

याच गुणपत्रिकेत भूगोलाऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय असता आणि त्यात ८४ असते, तर चित्र पालटलं असतं. तिसऱ्या विषयाच्या यादीत रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, तांत्रिक किंवा व्यावसायिक विषय वगैरे येतात. यादी सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते. मग बेरीज ४६, ३७ आणि ८४ अशी होते: १६७, म्हणजे ५५.६७ टक्के. रसायनशास्त्राचे ४९ बाजूला पडतात. जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही हा मार्ग असतो आणि त्यांतले बरेच जण तो तपासतच नाहीत. अर्ज भरताना या विषयाचे गुण योग्य रकान्यात भरले आहेत ना, हे पावतीवर पुन्हा बघा. बायफोकल (दोन विषयांऐवजी घेतल्या जाणाऱ्या व्यावसायिक) विषयाचे गुण २०० पैकी असतात. ते १०० पैकी म्हणून भरले तर छाननीत अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि हातातले दिवस जातात.

गणिताला मात्र बदली विषय नाही. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय बेरजेत राहणारच. त्यामुळे गणितातले ३७ कुठेही लपवता येत नाहीत. ते भरून काढायचे तर इतर दोन विषयांतूनच.

कागदपत्रांमुळे बदलणारी रेषा

वरचा १३२ गुणांचा विद्यार्थी ओबीसी प्रवर्गातला असेल तर त्याची रेषा १२० ला आहे, म्हणजे तो आरामात पात्र आहे. पण हे प्रमाणपत्रं हातात असतील तरच. जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू वर्षासाठी वैध असलेलं नॉन-क्रिमीलेअर, यांतलं एखादं मुदतीत सादर झालं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. बहुतेकांना वाटतं की यामुळे फक्त आरक्षित जागा हुकेल. पीसीएमला ४० ते ४५ च्या मधे असलेल्यांचं नुकसान याहून मोठं असतं: खुल्या प्रवर्गात गेल्याबरोबर रेषा १३५ वर जाते आणि पात्रताच संपते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचंही तसंच. ते राज्य शासनाच्या नमुन्यातलं असावं लागतं.

म्हणून गणितात कमी गुण पडण्याची शक्यता असलेल्या मुलांच्या पालकांनी निकालाची वाट न बघता अकरावीपासूनच जात वैधतेच्या मागे लागावं. समितीकडे प्रकरणं साचलेली असतात. मे महिन्यात अर्ज करून जूनमध्ये प्रमाणपत्र हातात येईल ही आशा धरू नका.

आणखी एक धोका. "पात्रता नसली तरी मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो" असं सांगणारे दरवर्षी भेटतात. किमान पात्रता संस्थास्तरावरच्या जागांनाही तीच लागू आहे. झालेले प्रवेश नंतर प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मान्यतेसाठी जातात. अपात्र विद्यार्थ्याचा प्रवेश तिथे अडकतो, आणि तोवर वर्ष निम्मं गेलेलं असतं, फी भरलेली असते. असा प्रवेश घेऊ नका.

सगळीकडे एकच रेषा नाही

राज्याची ४५ टक्क्यांची रेषा तशी खालीच आहे. पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्येही राज्याच्या कोट्यातून जाणाऱ्याला बोर्डाची अट एवढीच. तिथला खरा कस सीईटीत लागतो.

एनआयटी आणि आयआयटीचं गणित वेगळं आहे. तिथे बारावीला पाच विषयांत मिळून ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ६५. किंवा मग आपल्या बोर्डातल्या त्या वर्षीच्या उत्तीर्णांमध्ये वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. पाच विषय म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक. इथे भाषेचे गुण मोजले जातात, हा राज्याच्या नियमापेक्षा मोठा फरक. समजा गणितात ४५, भौतिकशास्त्रात ७२, रसायनशास्त्रात ७५, इंग्रजीत ८० आणि पाचव्या विषयात ९२ आहेत. बेरीज ३६४, लागतात ३७५. बाकी सगळं तसंच राहिलं तर गणितात ५६ असते तरी काम झालं असतं. जेईई मेनला बसायला बारावीच्या टक्केवारीची अट नाही. ती प्रवेशाच्या वेळी लागते. त्यामुळे उत्तम रँक मिळूनही ऐनवेळी जागा सोडावी लागणारे विद्यार्थी असतात.

बिट्स पिलानीची अट सगळ्यांत कडक. पीसीएममध्ये मिळून ७५ टक्के तर हवेतच, शिवाय तिन्ही विषयांत स्वतंत्रपणे किमान ६० हवेत. इतर दोन विषयांनी गणिताला सांभाळून घेणं इथे चालत नाही. मर्चंट नेव्हीच्या बी.एस्सी. नॉटिकलला पीसीएमची सरासरी ६० टक्के आणि इंग्रजीत ५० लागतात. एनडीएच्या हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो.

सीबीएसईच्या मुलांसाठी दोन गोष्टी. तिथे ३३ ला पास होतं, पण राज्याची ४५ टक्क्यांची रेषा त्यांनाही तीच आहे. आणि अकरावीत गणित जड जातंय म्हणून अप्लाइड मॅथेमॅटिक्स घेण्याआधी थांबा. तो विषय वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी आहे. इंजिनीअरिंगचा विचार असेल तर नेहमीचं गणितच घ्या. गणितात नापास होऊन सहाव्या विषयाच्या आधारावर बारावी पास झालेल्यालाही इंजिनीअरिंगला जाता येत नाही, कारण गणितात उत्तीर्ण असणं ही अट कायम राहते.

निकालानंतरचे पहिले दिवस

दोन-चार गुणांनी रेषा हुकली असेल तर पहिलं काम उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवणं. निकालानंतर साधारण दोन आठवडे मंडळाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. अलीकडच्या वर्षांत गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, छायांकित प्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये लागत आले आहेत. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर राहिलंय का हे बघतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी छायांकित प्रत घ्यावीच लागते. प्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून ती ज्या दिवशी येईल त्याच दिवशी शिक्षकांना दाखवा.

प्रत बघताना भावनेपेक्षा क्रमाने जा. विज्ञान शाखेच्या गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो: अ विभाग २०, ब १६, क २४, ड २०. ब आणि क विभागांत बारापैकी आठ प्रश्न सोडवायचे असतात, ड मध्ये आठपैकी पाच. आधी प्रत्येक विभागाची बेरीज स्वतः करा आणि ती मुखपृष्ठावरच्या आकड्यांशी ताडून बघा. मग जादा सोडवलेले प्रश्न शोधा. बारापैकी नऊ सोडवले असतील तर जास्त गुणांचे आठ धरलेत का, ते तपासा. पुरवणीवरचं किंवा पानाच्या तळाशी अर्धवट राहून पुढे दुसऱ्या पानावर पूर्ण केलेलं उत्तर तपासायचं राहून गेलंय का, ते बघा. ड विभागात शेवटचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना गुण असतात. तिथे पायऱ्या बरोबर असून शून्य दिसत असेल तर पुनर्मूल्यांकनाला अर्थ आहे. नुसतं "मला जास्त अपेक्षित होते" यावर पैसे घालवू नका.

गुण वाढले तर मंडळाची सुधारित गुणपत्रिका घेऊन लगेच छाननी केंद्राकडे जा. बदल पुढच्या टप्प्यापासून धरला जातो. झालेल्या फेरीचं वाटप मागे फिरवत नाहीत.

गणितात नापास असाल तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे. पास झालेल्या विषयांचे गुण राखून फक्त गणिताला बसता येतं. अडचण वेळेची आहे. पुरवणीचा निकाल येईपर्यंत कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) सुरुवातीच्या फेऱ्या सरकलेल्या असतात आणि चांगल्या कॉलेजांच्या जागा भरत आलेल्या असतात. तरी सीईटी दिलेली असेल आणि नोंदणी मुदतीत केलेली असेल तर उरलेल्या जागांचा मार्ग खुला राहू शकतो. नापास झाल्यावर नोंदणीच न करणं ही इथली नेहमीची चूक.

पास आहात पण १३५ होत नाहीत, अशांसाठी मंडळाची श्रेणी किंवा गुणसुधार योजना आहे. सर्व विषयांसह परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्यांना लगतच्या ठरावीक परीक्षांमध्येच ती संधी मिळते. संधी कायमची उघडी राहत नाही, त्यामुळे वर्ष सोडून नंतर बघू असं करू नका. आणि ज्यांनी बारावीला गणितच घेतलं नव्हतं, पण आता इंजिनीअरिंगला जायचंय, त्यांना तुरळक विषय म्हणून एकट्या गणिताची परीक्षा देता येते. वाणिज्य शाखेचं गणित हा वेगळा विषय आहे. अर्जात विषयाचा सांकेतांक लिहिताना विज्ञान आणि कला शाखेचं गणित निवडलंय ना, हे तपासा. विज्ञानाचा ४०, वाणिज्यचा ८८.

रेषा ओलांडली, पण पुढे?

पात्रता मिळाली म्हणजे गणिताचा प्रश्न सुटला असं समजू नका. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. गणिताचा पेपर दीड तासाचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोघांचा एकूण पर्सेंटाइल सारखा आला तर आधी गणिताचा पर्सेंटाइल बघतात. बोर्डात गणित कच्चं असेल तर तिथली उणीव इथे दुपटीने जाणवते. मात्र अभ्यासक्रम तोच आहे, अकरावीचा साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०. बोर्डाला पायऱ्या लिहिण्यात वेळ कमी पडून गुण गेलेली मुलं पर्यायी प्रश्नांत बऱ्यापैकी सावरतात. ज्यांना संकल्पनाच कळलेल्या नाहीत, ती सावरत नाहीत. आपलं मूल यातलं कोणतं, हे छायांकित प्रत बघून शिक्षक दहा मिनिटांत सांगू शकतात.

गणिताशी खरंच जमत नसेल तर जबरदस्ती कशाला? बी.फार्म.ला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र चालतं. दोन्ही विषय घेतलेले असतील तर जीवशास्त्राच्या गुणांवर पात्रता मिळवता येते. गणित नसलेल्यांना पहिल्या वर्षी रेमेडियल मॅथेमॅटिक्स शिकवतात, त्याची धास्ती नको. सीए फाउंडेशनला बारावीच्या गणिताची अट नाही, पण क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडचा १०० गुणांचा पेपर असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. "गणित नको म्हणून सीए" हा हिशेब म्हणूनच चुकतो.

इंजिनीअरिंगच करायचं आहे आणि पीसीएम ४५ च्या खाली आहे, तर सर्वांत भरवशाचा मार्ग डिप्लोमाचा. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. दोन वर्षांनी डिप्लोमा पूर्ण होतो आणि मग इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. तिथे पात्रता डिप्लोमाच्या गुणांवर ठरते: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, सवलतीच्या प्रवर्गांना ४०. गुणवत्ता यादीही डिप्लोमाच्या टक्केवारीवर लागते, सीईटी नाही. नेहमीच्या चार वर्षांऐवजी पाच लागतात. बारावीचे ३७ मात्र या वाटेवर पुन्हा कोणी मोजत नाही. बी.एस्सी. ४५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्यांनाही थेट दुसऱ्या वर्षात येता येतं. त्यांच्यासाठी बारावीला गणित हा विषय उत्तीर्ण असणं पुरेसं आहे.

या वाटेवर एक खड्डा आहे. थेट दुसऱ्या वर्षात येणारा विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित वगळून येतो आणि बऱ्याच शाखांत तिसऱ्या सत्रालाच त्याच्यासमोर लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरियर सिरीज येतात. या दोन्हींत सगळ्यांत आधी लागतो तो इंटिग्रेशनचा सराव. डिप्लोमाचा शेवटचा पेपर झाल्यावर प्रवेशापर्यंत जे दीड-दोन महिने मिळतात, त्यात इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शियल फ्रॅक्शन्स आणि पहिल्या क्रमाची डिफरन्शियल इक्वेशन्स, एवढे तीन धडे बारावीच्या पुस्तकातून रोज दहा उदाहरणं याप्रमाणे पक्के करा. तिसऱ्या सत्रात गणित अडकण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते.